काळ्या मातीतले बुडखे: अंगणातली जुनी झुडपं थोडक्या खर्चात मुळासकट कशी काढावीत

इंदूरच्या जुन्या घरांच्या अंगणात जास्वंद, कण्हेर, तगर, बोगनवेल, कढीपत्ता आणि मेंदीचं कुंपण यांतलं निदान अर्धं तरी असतंच. पंधरा-वीस वर्षांनी झुडूप वठतं, किंवा तिथे गाडी लावायची असते, ओटा वाढवायचा असतो. वरच्या फांद्या कोणीही तोडून देतं. खरं काम उरतं ते जमिनीतल्या बुडख्याचं. दोन-चार झुडपांसाठी जेसीबी बोलावणं म्हणजे भाडं तर द्यायचंच, शिवाय फाटकाचा खांब आणि अंगणातल्या फरशा यांची काळजी करायची. हाताने काढलं तर एक पहार, एक जुनी कुऱ्हाड आणि एका माणसाचा अर्धा दिवस एवढ्यात भागतं. मात्र माती योग्य ओलीला आलेली असताना खोदायचं आणि बुडखा हलवण्याआधी मुळं तोडायची. हा क्रम चुकला की चार तासांचं काम दोन दिवस चालतं, आणि बहुतेक ठिकाणी तो चुकलेलाच असतो.

झुडूप की झाड, आणि खाली काय पुरलंय

झुडपाला कोणाची परवानगी लागत नाही. पण पेरू, सुबाभूळ, बकुळ असं काही असेल आणि ते झाड या व्याख्येत बसत असेल, तर मध्य प्रदेशात शहरी भागातल्या वृक्षांच्या रक्षणासाठी २००१ चा कायदा आहे आणि आपल्याच आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. शंका असेल तर नगर निगमच्या उद्यान विभागात आधी विचारावं, तोडल्यावर नव्हे.

दुसरी चौकशी जमिनीखालची. नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याची लाइन, ड्रेनेजचा पाइप, मीटरपासून आलेली केबल, अर्थिंगचा खड्डा, आणि आता बऱ्याच वसाहतींत पाइपने येणारा गॅस. मुळं ओलाव्याकडे जातात, त्यामुळे जुना गळका पाइप नेमका बुडख्याच्या पोटात सापडतो. गॅसचा पाइप कुठून आत येतो ते भिंतीवर दिसतं. तिथून मीटरपर्यंतच्या पट्ट्यात पहार अजिबात मारू नये. हाताने, खुरप्याने माती मोकळी करावी.

बुडखा घराच्या जोत्यापासून दोन-अडीच फुटांच्या आत असेल तर तो उपटण्याचा हट्ट सोडावा. त्याची मुळं जोत्याखाली गेलेली असतात. ओढून काढताना दगड-चुन्याचं जुनं जोतं हलू शकतं. शिवाय उघड्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचून काळी माती फुगते आणि पुढच्या उन्हाळ्यात भिंतीला भेग पडते. अशा बुडख्याला वेगळा उपाय आहे, तो पुढे येतो.

वाफसा

माळव्याच्या मातीला ‘गहन गंभीर’ म्हणतात, आणि मे महिन्यात तिच्यात पहार मारणाऱ्याला ते लगेच पटतं. कोरडी काळी माती आकसते, तिला भेगा पडतात आणि ती मुळांना मुठीत धरल्यासारखी आवळते. पावसाळ्यात उलट गंमत: फावड्याला किलोभर चिखल चिकटून बसतो, खड्डा भरून येतो, पाय सरकतात. या दोहोंच्या मधली जी अवस्था, तिला शेतकरी वाफसा म्हणतात. खोदायला तीच हवी.

इंदूरला पाऊस साधारण जूनच्या मध्याला सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर ओसरतो. त्यानंतर दिवाळीपर्यंतचे दिवस सर्वात सोयीचे: ओल खोलवर असते आणि वरचा थर चालण्याजोगा झालेला असतो. वाफसा ओळखायला सहा-आठ इंच खोलीवरची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून टाका. गोळा फुटून चार तुकडे झाले तर काम सुरू करा. चपटा होऊन तसाच चिकटून राहिला तर दोन दिवस थांबा. गोळाच होत नसेल तर पाणी द्यावं लागेल.

उन्हाळ्यात काढायचंच असेल तर भेगांचा उपयोग करून घ्या. भेगा म्हणजे मुळांपर्यंत जाणारे तयार नळ. बुडख्याभोवती दीड फुटावर गोल आळं करून त्यात संध्याकाळी चार-पाच बादल्या पाणी हळूहळू सोडा, दुसऱ्या दिवशी तेवढंच पुन्हा, आणि वर ओलं पोतं टाका म्हणजे वरचा थर कडक होणार नाही. मग दोन ते तीन दिवस थांबा. पाणी घालून लगेच खोदलं तर वर चिखल आणि खाली दगड अशी दोन्ही दुःखं एकदम भोगावी लागतात. यासाठी नर्मदेचं पाणी वाया घालवायची गरज नाही. आरओचं सोडलेलं किंवा कपडे धुतलेलं पाणी चालतं. झुडूप तर काढायचंच आहे.

नव्या वसाहतींत मात्र फूटभर मातीखाली बिल्डरने टाकलेला मलबा किंवा मुरूम निघतो. तिथे वाफशाचा फारसा फरक पडत नाही, फावड्यापेक्षा पहार आणि टिकावच जास्त चालतात.

अवजारं

सियागंजात किंवा लोहा मंडीत पहार मागितली तर दुकानदार ‘सब्बल ना?’ असं विचारून घेईल. टिकावाला गेंती, घमेल्याला तगारी. पहार पाच फुटी आणि २५ मिलिमीटर जाडीची घ्यावी, तिचं वजन सहा किलोच्या आसपास भरतं. याहून बारीक पहार तरफ म्हणून वापरताना वाकते. एक टोक चपटं, छिन्नीसारखं हवं. तेच टोक मुळं तोडायला कामी येतं, म्हणून लोहाराकडून ते पाजवून घ्यावं.

कुऱ्हाड जुनीच वापरा. मातीतल्या मुळांवर कुऱ्हाड चालवताना ती दगडाला लागणारच, चांगल्या पात्याची वाट लावण्यात अर्थ नाही. छाटणीची घडीची करवत, दहा इंची पात्याची, अरुंद जागेसाठी उत्तम; पण मातीने माखलेलं मूळ कापलं की तिचे दात दहा मिनिटांत बोथट होतात. म्हणून मूळ आधी पाण्याने आणि जुन्या ब्रशने धुवायचं, मग कापायचं. लोखंड कापायच्या हॅकसॉने ओलं लाकूड कापायला जाऊ नये, भुसा दातांत अडकून पातं जागीच फिरतं.

कातडी हातमोजे, बंद बूट आणि डोळ्यांना चष्मा. चप्पल घालून पहार चालवणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे गर्दी असते ती काय उगाच नाही. जुन्या बुडख्याच्या पोकळीत विंचू असतो. हात घालण्याआधी काठीने खरवडून बघा.

खोदायचं कसं

फांद्या तोडताना बुंधा जमिनीलगत कापू नका. अडीच-तीन फूट खोड उभं ठेवा. शेवटी हलवायला तोच दांडा लागतो. तो आधीच कापून टाकला की बुडखा धरायला जागा राहत नाही, आणि मजूर नेमकं तेच पहिल्यांदा करतात.

मग मुळांचा अंदाज घ्या. जास्वंद, कण्हेर, तगर, बोगनवेल ही झुडपं आपण फांदी लावून वाढवतो. फांदीपासून वाढलेल्या झाडाला खरं सोटमूळ नसतं. चार ते सहा जाड मुळं आडवी पसरतात. बी पडून उगवलेल्या कढीपत्त्याला, लिंबाला, सुबाभळीला सोटमूळ असतं, सरळ खाली गेलेलं. पहिल्या प्रकाराला बाजूंनी मोकळं केलं की पुरतं. दुसऱ्याला खालून कापावं लागतं, म्हणजे एका बाजूला खड्डा जास्त खोल हवा.

खोड तीन इंच जाड असेल तर त्यापासून एक फुटावर, पाच-सहा इंच असेल तर दीड फुटावर गोल आखा. या रेषेच्या बाहेरच्या बाजूने फूटभर रुंद आणि सव्वा फूट खोल चर खणा. रुंदीत कंजुषी करू नये. चर अरुंद असला की कुऱ्हाड फिरत नाही आणि दुप्पट वेळ जातो. माती बाहेर काढताना वरची काळी माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका, परत भरताना उपयोगी पडतं.

चरात मुळं उघडी पडू लागली की अंगठ्याएवढी मुळं पहारीच्या चपट्या टोकाने ठेचून तुटतात. मनगटाएवढी मुळं दोन ठिकाणी कापायची: आधी चराच्या बाहेरच्या कडेला, मग बुडख्याजवळ, आणि मधला तुकडा काढून टाकायचा. एकाच ठिकाणी कापलं तर टोकं एकमेकांत अडकून बसतात आणि पुढच्या मुळापर्यंत हात पोचत नाही.

आता खोड हलवून बघण्याचा मोह होतो. आवरा. बुडखा घट्ट उभा असतो तोवर कुऱ्हाडीचा घाव मुळात बसतो. तो एकदा डगमगू लागला की प्रत्येक घावाला मूळ उसळी घेतं, कुऱ्हाड परत येते, आणि जे मूळ चार घावांत तुटलं असतं ते वीस घाव खातं. सगळी दिसणारी मुळं तोडून झाल्यावरच खोडाला हात लावा.

त्यानंतर खोड चारी दिशांना दाबून बघा. ज्या दिशेला ते जात नाही, त्याच्या विरुद्ध बाजूला खाली एखादं मूळ शिल्लक आहे. तिथली माती बुडख्याखालून खुरप्याने उकरा. सोटमूळ असेल तर याच बाजूने दोन फुटांपर्यंत खोल जावं लागतं. खोड एका बाजूला झुकवून कोणीतरी धरून ठेवायचं, म्हणजे मूळ ताणलं जातं, आणि ताणलेल्या मुळावर करवत अडकत नाही.

उचलायचं कसं

पहार तरफ म्हणून वापरताना टेकू विटेचा घेऊ नका, वीट फुटते. लाकडाचा ठोकळा घ्या आणि त्याखाली फळीचा तुकडा ठेवा, नाहीतर ठोकळा ओल्या मातीत रुततो आणि सगळं बळ जमीन दाबण्यात जातं. टेकू पहारीच्या टोकापासून सहा इंचांवर असेल तर पाच फुटी पहारीवर तुमचं बळ नऊपट होतं. चाळीस किलोचा भार टाकला तर पलीकडे साडेतीनशेहून जास्त किलोचा जोर लागतो. टेकू फूटभर दूर गेला की तेच बळ चौपटीवर येतं. फरक एवढा मोठा आहे, म्हणून टेकू सतत पुढे सरकवत राहा.

एवढ्याने न निघणारा जाड बुडखा असेल तर गाडीच्या जॅकचा उपयोग करता येतो. सेंट्रिंगच्या दुकानातून जाड बल्ली (लाकडी वासा) किंवा लोखंडी पाइप आणि दोन फळ्या भाड्याने मिळतात. खड्ड्याच्या एका काठाला फळीवर लाकडाची रास रचा, दुसऱ्या काठाला फळीवर जॅक ठेवा, दोहोंवर बल्ली आडवी टाका. बल्लीच्या मध्यावरून साखळी बुडख्याला आवळा. साखळी घसरू नये म्हणून खोडाला बोटभर खाच पाडावी. जॅक चार इंच चढला की बुडखा दोन इंच वर येतो, आणि जोर दुप्पट मिळतो. इंच-दोन इंच वर येऊन थांबला तर आणखी पंप करू नका. खाली न तुटलेलं मूळ आहे, ते शोधा. नाहीतर बल्ली मोडेल किंवा साखळी सुटेल. ताणलेल्या साखळीवर ओलं पोतं टाकून ठेवा, आणि जॅकवर भार असताना बुडख्याखाली हात घालू नका.

वर्कशॉपवाल्यांकडची चेन कुप्पी (जड वस्तू उचलायची साखळीची कप्पी) मिळाली तर तिपाईला टांगून हेच काम आणखी सोपं होतं. मात्र कार किंवा स्कूटरला दोर बांधून ओढणं टाळाच. नायलॉनचा दोर ताणून तुटला की चाबकासारखा मागे येतो, आणि गाडीचा हूक आडव्या झटक्यासाठी बनवलेला नसतो.

कोणतं झुडूप कसं वागतं

जास्वंद सर्वात सोपी. मुळं उथळ, लाकूड मऊ. गणपतीला त्याच झाडाची फुलं लागत असतील तर काढण्याआधी पावसाळ्यात सहा इंची फांद्या लावून ठेवा.

कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, फांद्या गाई-बकऱ्यांपुढे टाकू नका आणि लाकूड शेगडीत किंवा शेकोटीत घालू नका, धूरही घातक असतो. काम झाल्यावर हात आणि करवत साबणाने धुवा.

मेंदीचं कुंपण एकेक झाड करून काढायला गेलं तर जीव मेटाकुटीला येतो, कारण फूट-फूट अंतरावरच्या झाडांची मुळं एकमेकांत विणलेली असतात. कुंपणाच्या एकाच बाजूने दीड फूट खोल लांबलचक चर खणा, त्या बाजूची मुळं तोडा आणि दोन-तीन झाडांचा गठ्ठा एकदम चरात लोळवा. दुसऱ्या बाजूची मुळं तशीच वर येतात.

कढीपत्ता काढला असं वाटतं, पण तो निघालेला नसतो. त्याच्या आडव्या मुळांना जागोजाग फुटवे येतात आणि जमिनीत राहिलेल्या तुकड्यातूनही रोप उगवतं. प्रत्येक मूळ ओढत, त्याच्या मागे जात काढावं लागतं. तरी पुढचा पावसाळाभर लक्ष ठेवायचंच.

बोगनवेलीचे काटे हातमोज्यातून आत जातात, म्हणून आधी सगळ्या काटेरी फांद्या तोडून अंगणाबाहेर काढा, मग खोदायला या. रिकाम्या प्लॉटवरून आलेली घाणेरी असेल तर पूर्ण खोदायची गरज नाही. जमिनीखाली दोन इंचांवर मुख्य मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून वाळू द्या. फुटवे येतात ते त्या वरच्या गाठीतूनच, ती गेली की खालचं मूळ सहसा फुटत नाही.

जागेवरच कुजवायचं असेल तर

जोत्याजवळचा, भिंतीखाली गेलेला किंवा वयामुळे खोदणं झेपत नसलेला बुडखा जमिनीखाली चार-सहा इंचांवर कापा. जोतं किंवा भिंत जवळ नसेल तर कापलेल्या लाकडात १०-१२ मिलिमीटरच्या ड्रिलने दोन-दोन इंचांवर, सहा इंच खोल भोकं पाडा. प्रत्येक भोकात चमचाभर युरिया, वर पाणी, त्यावर ताज्या शेणाचा थर आणि माती. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला नायट्रोजन आणि ओल लागते, ती यातून मिळते. ओल टिकवली तर मऊ लाकूड वर्षभरात भुसभुशीत होतं, टणक लाकडाला दोन-तीन वर्षंही लागतात. या काळात येणारा प्रत्येक फुटवा दर पंधरा दिवसांनी खुडायचा. पानं मिळाली नाहीत की मुळांतला साठा संपतो.

एक अडचण मात्र आहे. कुजणारं लाकूड वाळवीला बोलावतं, आणि जोत्याजवळ तर तीच नको असते. म्हणून तिथे भोकं, युरिया, शेण काहीच करू नये. नुसतं कापून फुटवे खुडत राहावं, वर पाणी घालू नये, आणि भिंतीवर मातीच्या वाळवीच्या नळ्या दिसतात का ते महिन्यातून एकदा बघावं.

मीठ ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मिठाने बुडखा मरेल, पण काळ्या मातीतून पाणी आधीच नीट झिरपत नाही. मीठ तिथेच साचून पुढे काही लावलं तरी रुजत नाही, आणि जवळच्या काँक्रीटमधल्या सळ्या गंजतात. डिझेल आणि तेजाबही त्याच पंगतीतले. खोडात हिंग भरणं ही शेजारच्या काकूंची ठेवणीतली युक्ती, तिने एक मात्र नक्की होतं, हिंग महाग असल्यामुळे खर्च होतो. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. दोन-चार झुडपांसाठी त्याच्या वाटेला जायचं कारणही नाही. बुडखा पेटवून देणं तर नकोच. शहरात उघड्यावर जाळणं दंडाला पात्र आहे, आणि आग मुळातून धुमसत कुठे निघेल याचा नेम नसतो.

खड्डा आणि कचरा

बुडख्याची माती जागेवरच ठोकून झटका. एका मध्यम बुडख्यात दोन-तीन तगाऱ्या माती अडकलेली असते आणि ती गेली तर खड्डा भरायला विकत आणावी लागते. फांद्या तीन-चार फुटांच्या मोळ्या बांधून ठेवाव्यात. रोजच्या कचरागाडीत ओल्या कचऱ्याबरोबर त्या कोंबायच्या नाहीत. बागेचा कचरा वेगळा उचलण्यासाठी झोन कार्यालयात कळवावं लागतं.

खड्ड्यातले लाकडाचे तुकडे वेचून काढा, मग सहा-सहा इंचांचे थर भरत प्रत्येक थर धुमसाने ठोका. इथले मजूर त्याला दुरमुट म्हणतात. वर फरशी किंवा गाडीची जागा करायची असेल तर काळी माती भरूच नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि फरशी वर्षभरात उचलली जाते. तिथे मुरूम भरून, पाणी मारून ठोकावा. नुसती बाग करायची असेल तर काळी माती आजूबाजूच्या पातळीपेक्षा तीन इंच उंच भरा. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत ती बसते, त्यानंतर एखादी तगारी आणखी टाकावी लागली तर टाकायची, आणि त्याच वेळी कढीपत्त्याचे कोवळे फुटवे वर आले असतील तर तेही उपटायचे.